तीन मिनिटं झाली

वैजूचा फोन रविवारी येतो, ओडेन्सहून.
निपाणीत तेव्हा दुपारचे चार,
गल्लीत वखारीच्या तंबाखूचा वास, माझ्या चुलीवर आधण.
ती तिथं म्हाताऱ्यांच्या घरात कामाला आहे.
म्हणते, आत्या, भाषा आली गे मला,
खरं बोलता येईना.
म्हणजे?
वाक्यं येतात. मधलं येत नाही.

मधलं म्हणजे 'नो'.
मला वाटलं, नकार.
नकार नव्हे गे. 'असं होय', 'झालं का सुरू परत',
'चला, उठते आता',
सगळं त्या एकाच 'नो'त.
लांबवायचं, नाहीतर मधेच तोडायचं.
कुणी एक नील्सेन आजोबा दिवसभर तेवढंच बोलतात
आणि हिला कळावं लागतं,
खिडकी लावायची की उघडायची.

दुसरं, 'यो'.
'तू जेवली नाहीस' असं कुणी म्हटलं
तर साधा होकार चालत नाही, 'यो' म्हणायचं.
मी म्हटलं, त्यात काय शिकायचं?
'जेवले की'. त्यातला 'की'.
ती जरा गप्प. मग म्हणाली, अय्या.

आणि एक 'हो' तर आवाजाचं नाहीच,
नुसता श्वास आत ओढायचा,
तव्याला बोट लागल्यासारखा.
पहिल्या आठवड्यात वैजूला वाटलं
इथल्या सगळ्या बायकांना दमा आहे.

मी बावीस वर्षं एक्स्चेंजात काढली,
कानाला हेडफोन, पुढ्यात भोकांची फळी,
गोकाकची दोरी, संकेश्वरची, इचलकरंजीची.
लोकांचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता.
खरं लाइन जिवंत आहे का बघायला
कळ दाबून कान द्यावाच लागे,
आणि त्या एवढ्याशा फटीत सापडायचं ते नेमकं 'हं'.
भाव ऐकून घेणाऱ्या दलालाचं नाकातलं 'हं'.
सोयरिकीच्या बोलण्यात 'व्हय, व्हय':
दोनदा व्हय, म्हणजे स्थळ गेलं.
'हौद री, हौद री' म्हणत उधारी लांबवणारा रुद्रगौडा.
ट्रंक कॉलला 'हं'चेसुद्धा पैसे पडत,
तरी कुणी काटकसर केलेली आठवत नाही.

गावात तेव्हा पाट्यांचं भांडण जोरात.
रात्री डांबर, सकाळी रॉकेल आणि चिंधी.
आमच्या फळीवरची नावं इंग्रजीत होती म्हणून वाचली.

शनिवारी गंगव्वा यायची, वखारीत पानं निवडणारी,
काउंटरवर नंबराची चिठ्ठी, पदराला नाणी.
लेक सदा फिरतीवर, फोन सून घ्यायची.
हिला कानडीशिवाय येत नव्हतं,
तिला कानडी सोडून सगळं.
सून सांगायची, पोराला दात आला.
'हूं?'
खालचा, बरं का. चावतंय आता.
'आतु, आतु.'
मग ही तिकडचं काहीतरी सांगायची,
पाऊस, म्हैस, कोण गेलं.
सून म्हणायची, 'हां... हां... अगं बाई.'
कळत किती होतं देव जाणे,
खरं 'अगं बाई' चुकीच्या जागी पडलेलं
मी एकदाही ऐकलं नाही.

मधे पडून मी विचारायची,
तीन मिनिटं झाली, वाढवू?
गंगव्वा नाणी चाचपायची. 'हूं.'
एकदोनदा मी न विचारताच चालू ठेवलं.
आता नोकरी संपली, सांगायला हरकत नाही.

हे सगळं मी वैजूला या रविवारी सांगितलं.
ती 'हं' म्हणत होती, मग तेही थांबलं.
लाइन गेली म्हणावं तर
मागं कुणाचा तरी चमचा बशीला लागत होता.
हॅलो म्हणणार होते, तोंडातून निघालं,
तीन मिनिटं झाली, वाढवू?

तिकडून कुणीतरी
श्वास आत ओढला.